चंद्राच्या डोळ्यावरचा गोंडा

तमाम करवीरकरांनो, हातातला चहा खाली ठेवा आणि ही अत्यंत गंभीर घोषणा ऐका: आमच्या घराण्यात एक सौंदर्यसम्राज्ञी होऊन गेली. नाव चंद्रा, जात म्हैस.

आज दिवाळीच्या पाडव्याला गल्लीतून तेल चोपडलेल्या म्हशींचा वास आला आणि चंद्रा पुन्हा अंगणात उभी राहिली.

त्या वर्षी सणाच्या तोंडावर तिचा डावा डोळा सुजून वाहायला लागला. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "साथीचा रोग आहे. अंधारात, एकटी बांधा. माशा बसू देऊ नका." पण आमचे काका ऐकतील तर शपथ! पाडव्याला मोटरसायकलमागं म्हशी पळवायच्या आणि त्यांत चंद्रा नाही, म्हणजे काकांची अब्रूच गेली. "वर्षाचा सण हाय, म्हस घरात ठेवू व्हय?" म्हणत त्यांनी तिच्या शिंगांना मोरपिसं लावली आणि दुखऱ्या डोळ्यावर लाल रेशमी गोंडा सोडला. डोळा झाकला गेला. माशा गोंड्याखाली जमल्या.

काकांच्या हॉर्नमागं चंद्रा अशी धावली, की रस्ता शिट्ट्यांनी दणाणला. आता त्या शिट्ट्या आठवल्या की तोंड कडू होतं. काकांना मानाचा फेटा मिळाला. पुढं गल्लीतल्या निम्म्या म्हशींचे डोळे गळू लागले आणि चंद्राच्या डोळ्यात पांढरं फूल पडलं.

एका सकाळी काकांनी अंगणात मोटरसायकल सुरू केली. आंधळ्या बाजूनं खांबाला धडकत चंद्रा आनंदानं दावं ओढू लागली. हातातली शेणाची पाटी टाकून काकू ओरडली, "अजून ह्यांच्यावरच इस्वास हाय बघा, येडीचा!"