तुरळक ठिकाणी पाऊस

मघाशी रेडिओवर सांगितलं, जिल्ह्यात तुरळक ठिकाणी पाऊस. थोड्या वेळानं ओल्या मातीचा वास आला. अंगण मात्र कोरडंच होतं.

स्वातंत्र्याच्या आधीच्या एका वर्षी हस्त नक्षत्रात असाच वास आला होता. ज्वारीची पेरणी राहिली होती, कडबा संपत आला होता. कोल्हारला मामाकडे प्रवरेकाठी चारा होता, म्हणून बैलांना घेऊन तिकडं जायला गाडीही भरली होती. तेवढ्यात जोशीबुवांनी पंचांगात बघून सांगितलं, "यंदा हस्ताचं वाहन हत्ती आहे, पाऊस भरपूर." वडिलांनी जुंपलेली गाडी सोडली.

"चार दिस थांबू," ते आईला म्हणाले.

नक्षत्र सरत आलं तेव्हा एका दुपारी शेजारच्या गावावर काळाभोर पाऊस उतरला. वाऱ्यानं त्याचा वास आमच्या गोठ्यात आणला. उपासानं खाली बसलेला थोरला बैल उठू शकत नव्हता. त्यानं नुसती मान उचलली आणि नाकपुड्या फुलवून तिकडं बघत राहिला. वडील त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होते, "आला रं, आलाच बघ."

पाऊस ओढ्यापलीकडंच थांबला. दिवस मावळताना बैल गेला.

गावानं जोशीबुवांना खोटं ठरवलं. पण पाऊस तर झाला होता. तो कुणाच्या शिवारात पडेल, हे पंचांगानं सांगितलं नव्हतं आणि वडिलांनी विचारलं नव्हतं.

पुढं जन्मभर हा वास आला, की वडील उठून दार लावून घ्यायचे. आज मीही उठले आणि दार लावलं.