पावडरमामी आणि गार घाम

पावडरमामी गिऱ्हाइकाचं नाव नंतर विचारायच्या. आधी विचारायच्या, घाम कुठे येतो आणि कधी. बुऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं बायकांच्या सामानाचं दुकान होतं. बांगड्या, टिकल्या, पावडरचे डबे आणि काचेच्या कपाटात डिओच्या बाटल्या. इथल्या मे महिन्यात घाम कुणाला चुकलाय? पण त्याबद्दल बोलायची सगळ्यांनाच लाज. मामींना मात्र भीडभाड म्हणून नव्हती.

मी पहिल्यांदा गेले ती बारावीत. माझे तळहात आणि काखा कायम ओल्या, शाळेत बाकावर शेजारी कुणी बसेना. मान खाली घालून मी सगळ्यात कडक वासाचा स्प्रे मागितला. मामींनी कपाट उघडलंच नाही. स्टूल पुढे सरकवलं आणि परीक्षेच्या दिवशी जास्त येतो का, नायलॉनचे कुर्ते घालतेस का, केस काढल्यावर आग होते का, असं एकेक विचारत बसल्या. दुकानात आणखी दोन बायका होत्या. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

"घामाले वास नसतो पोरी," त्या म्हणाल्या. "तो अंगावर बसून राह्यला का मंग वास मारते. तुले वास थांबवायचा का घाम, हे पहिले ठरव."

या दोन कामांच्या दोन वेगळ्या बाटल्या असतात, हे मला ठाऊकच नव्हतं. एक नुसता वास आवरते, घाम येतच राहतो. दुसरी घाम कमी करते. मामींनी मला दुसरी दिली, तीही बिनवासाची. झोपताना कोरड्या काखेला लाव, आधी कोपराच्या आत लावून दोन दिवस बघ, केस काढल्या काढल्या लावू नको, असं दहादा बजावलं. महागडं शेंट मागायला आलेल्या कितीतरी जणींना त्यांनी आधी सुती कपडे घाला म्हणून परत पाठवलं. अशानं धंदा काय होणार, कप्पाळ! पण मला बाकावर शेजारीण मिळाली ती मामींमुळे. कॉलेज संपल्यावर मी त्यांच्याच दुकानात कामाला लागले.

त्यांचं आणखी एक शास्त्र होतं. समोरच्याचा हात हातात घेऊन त्या सांगायच्या, "गरमीचा घाम गरम, भेवाचा घाम गार." माझा हात गार लागला की म्हणायच्या, बस जराशी, उतरेल. आणि खरंच उतरायचा. त्या शास्त्रावर मी डोळे झाकून विश्वास ठेवला. तिथंच घात झाला.

गेल्या मे महिन्यात त्यांची मुलगी बाळंतपणासाठी जळगावच्या दवाखान्यात होती. मामी फोन मांडीवर घेऊन बसलेल्या. कूलर समोर होता, तरी ब्लाउज चिंब. मी हात धरला तर बर्फासारखा गार.

"काही नाही वं," मामी म्हणाल्या. "भेवाचा हाय. पोरीचा फोन आला का उतरते."

मला पटलं. मी त्यांची मान पुसली, डब्यातली पावडर लावली, पुन्हा पुसली, पुन्हा लावली. त्या डावा खांदा चोळत होत्या, तेही मी पाहिलं. सकाळी खोकी उचलली म्हणून दुखत असेल, असं वाटलं मला. अर्ध्या तासानं फोन आला, मुलगी झाली. मामी हसल्या, पेढे सांग म्हणाल्या. घाम मात्र उतरला नाही. तेव्हा कुठे मी रिक्षा बोलावली. रिक्षात त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर कलंडलं, ते पुन्हा उचललं गेलं नाही.

हार्ट अटॅक होता, अर्धा तास आधी आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. तो अर्धा तास मी पावडर लावत होते. मामींच्या लेकीला हे मी अजून सांगितलेलं नाही. धीरच होत नाही.

आता दुकान मी बघते. बाटली देताना मामींचेच प्रश्न विचारते, एक सोडून: परीक्षेच्या, भीतीच्या वेळी जास्त येतो का, हे मी विचारत नाही. परवा देडतलाई गावची एक बाई सुनेला घेऊन आली. सून कूलरसमोर बसूनही घामाघूम. सासू म्हणाली, उन्हातनं आलोय, चांगली पावडर दे. मी सुनेचा हात धरला. गार होता. पावडर दिली नाही, दुकान उघडं टाकून रिक्षा बोलावली. दवाखान्यात काहीच निघालं नाही, नुसता अशक्तपणा. सासूनं भर रस्त्यात माझ्यावर तोंडसुख घेतलं. मी ऐकून घेतलं.