तोफखान्यांची तुर्कस्तानातली भावकी

गुऱ्हाळावर माणसं रस प्यायला येतात आणि किस्से ठेवून जातात. निरवांगीच्या तात्या तोफखान्यांच्या गुऱ्हाळावर त्या एका हंगामात इतके साठले, की गूळ विकून झाला तरी किस्से उरलेच. दुसरं महायुद्ध अजून व्हायचं होतं, बारामतीची मोटार नुकतीच सुरू झाली होती आणि आम्हा चार टवाळांना संध्याकाळी दुसरं काम नव्हतं.

सुरुवात केली बारामतीच्या एका इतिहासवेड्या मास्तरांनी. रसाचा दुसरा पेला रिचवून ते म्हणाले, "तात्या, तोफ हा शब्द मूळचा तुर्की. तुमचं आडनाव थेट तुर्कस्तानातून आलंय!"

तात्यांनी हातातला झारा सोडला. "बगा! मी म्हणत हुतो, आमचं घराणं साधं न्हाय."

तेवढ्यात कढईतला गूळ करपला. तो त्यांनी 'तुर्की गूळ' म्हणून आम्हाला वाटून टाकला.

*

पुढच्या बाजारी तात्यांनी काळ्या गोंड्याची लाल तुर्की टोपी आणली. त्यांच्या देव्हाऱ्यात वाडवडलांपासूनचा एक लोखंडी गोळा होता. तो कुठला, कुणाला ठाऊक नव्हतं, पण दसऱ्याला त्याची पूजा व्हायची. तात्यांनी टोपी घालूनच त्याला नमस्कार केला.

तात्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकूंनी, विचारलं, "मग आता कुलदैवत कुठलं धरायचं?"

"जेजुरीचंच. तुर्कस्तानातनं जेजुरी लांब पडायची, म्हणून तर आमी हिकडं आलो."

*

आमच्यातले गणपतराव महाखवचट. एकदा गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "तात्या, तिकडची भावकी जमिनीची वाटणी मागाय आली तर?"

दुसऱ्या दिवशी पहिल्या मोटारीनं तात्या बारामतीला! मास्तर हसून म्हणाले, "अहो, शब्द तुर्की आहे, माणसं नव्हेत. तुमचे पूर्वज तोफा डागायच्या नोकरीत असतील, एवढंच."

जमीन वाचली म्हणून हसावं की तुर्कस्तान गेलं म्हणून रडावं, हे तात्यांना कळेना. टोपी मात्र त्यांनी काढली नाही.

*

व्हायचा तो बोभाटा झालाच. तात्यांच्या सदाचं लग्न कऱ्हाटीच्या मुलीशी ठरत आलं होतं आणि पोरगा जीव लावून बसला होता. तिथं कुणीतरी सांगितलं, की हे तोफखाने म्हणजे तुर्क. मुलीच्या आजोबांचा, आबांचा निरोप आला, "सुपारी फोडायची न्हाय. मी सोता येतो."

सदानं जेवण सोडलं. तात्यांनी टोपी काकवीच्या घागरीमागं दडवली. सदाकडं बघवत नव्हतं.

आबा बैलगाडीनं आले. पाण्याला शिवले नाहीत.

तात्या घाईनं म्हणाले, "आबा, शब्द तेवढा तुर्की हाय. आमी हितलंच."

"ते ऱ्हाऊ द्या. तोफा डागणारं तुमचंच वाडवडील का?"

तात्या म्हणाले, "व्हय. मास्तर तसं म्हणत्यात."

आबांनी गाडीवानाला खूण केली. त्यानं गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी जड आणून सोप्यात ठेवलं आणि गोणपाट सोडलं. आत देव्हाऱ्यातल्या गोळ्यासारखाच दुसरा गोळा होता.

"आमच्या गढीची भित फोडून ह्यो आत आला हुता," आबा म्हणाले. "तवापास्नं आमच्या बाया ह्यानं मीठ कुटत्यात."

सदा खांबाला धरून उभा होता. आबांनी त्याच्याकडं एकदा खालून वर पाहिलं आणि ते तात्यांकडं वळले.

"पोरगी देतो. पर आदी ह्यो तुमचा परत घ्या."