बडा फुहाऱ्यावरचा पॉडकास्ट-सत्संग

स्पीकरला झेंडूचा हार घातलेला होता. समोर पांढऱ्या चादरीची गादी, गादीवर जबलपूरच्या बडा फुहारा बाजारातले दहा-बारा कापड व्यापारी मांडी घालून बसलेले, आणि स्पीकरच्या बाजूला मी, हातात माइक. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. इथेच सांगून टाकते, कारण त्या दिवशी बघणाऱ्याला ते कळलं नसतं.

आमचे बॉस तिवारी सर कुठल्याशा सेमिनारला जाऊन आले आणि म्हणाले, "मैडम, बड़ी कंपनियों में सब पॉडकास्ट सुनते हैं. अपन कुछ नहीं सुनते. कोई अच्छा वाला बताओ."

पॉडकास्ट म्हणजे रेडिओसारखाच कार्यक्रम, पण मोबाइलवर, आपल्या सवडीनं ऐकायचा. प्रोग्रामिंगचे ढिगानं आहेत. त्यातले निम्मे नुसत्या फेका मारतात: आम्ही कसे मोठे झालो, पहाटे किती वाजता उठतो. मी सरांना माझ्या आवडीचा एकच सांगितला. त्यात इंजिनिअर येऊन आपल्या हातून काय बिघडलं ते सांगतात. कोणी सर्व्हर बंद पाडलेला असतो, कोणी भलतंच बटण दाबलेलं असतं. शिकायला यासारखं दुसरं काही नाही. मी भांडी घासता घासता ऐकते. आई म्हणते, "काहून वं त्या इंग्रजीवाल्यांची रडगाणी ऐकून राहिली?"

सरांनी मात्र अस्सल जबलपुरी डोकं चालवलं. चांगली गोष्ट एकट्यानं कानात घालून ऐकायची, हे त्यांना पटेच ना. ती चार लोकांना बोलावून, गादी टाकून, प्रसाद वाटून ऐकायची असते! त्यात या व्यापाऱ्यांच्या बिलिंगचं काम आम्हाला मिळायचं होतं, सही तेवढी बाकी होती. सरांनी सही आणि सत्संग एकाच मंगळवारी ठेवून दिला. एकेक वाक्य झालं की ते स्पीकर थांबवणार आणि मी हिंदीत अर्थ सांगणार.

"एपिसोड कौन सा, सर?" मंगळवारी माइक हातात घेतल्यावर मी विचारलं.

"कोई भी. सबसे ऊपर वाला." आणि त्यांनी बटण दाबलंसुद्धा.

बोंबला! तो मी ऐकलेला नव्हता. आणि हे काम गेलं तर ऑफिसला कुलूप, असं सर स्वतःच बोलून चुकले होते. मग मला परत पुण्याची नोकरी, आणि इथे आई एकटी. तिच्यासाठीच तर मी जबलपूरला परत आले होते. तिला एकदा पुण्याला नेऊन पाहिलं, तर तिनं जेवणच टाकलं.

एपिसोड निघाला बॅकअपचा. बॅकअप म्हणजे दुकानाच्या सगळ्या हिशेबाची रोज रात्री काढून ठेवलेली दुसरी प्रत. एका कंपनीत एका इंजिनिअरनं सरावाचा डेटा समजून खरा डेटाच पुसला होता.

"अरे राम!" गादीवरून आवाज आला.

मग कंपनीनं बॅकअप काढला. तो उघडेचना. रोज प्रत निघत होती, पण ती उघडून कोणी पाहिलीच नव्हती.

"राम राम राम!" मागचे लोक पुढे सरकले. एकानं विचारलं, त्या इंजिनिअरचं लग्न झालेलं होतं का? मी म्हटलं, ते यात सांगितलेलं नाही.

सगळ्यात पुढे मोठे सेठजी होते. सही त्यांचीच व्हायची होती. ते म्हणाले, "फिर? डाटा मिला?"

स्पीकर शेवटचं वाक्य बोलून चुकला होता. ते मला कळलं होतं आणि सरांना. सर माझ्या कानाशी वाकले. ओठांवर हसू, कपाळावर घाम. "बोल दो मिल गया. इनको कौन सी अंग्रेज़ी आती है."

खोटं कशाला बोलू, मला मोह झाला. आई डोळ्यांपुढे आली. पण एवढी माणसं तोंडाचा आ करून माझ्याकडे बघून राहिली होती, आणि उद्या यांचाच हिशेब आमच्याकडे राहणार होता. माझी जीभ वळेना.

"नहीं मिला, सेठजी. कंपनी बंद हो गई."

सरांनी डोळे मिटले.

"और तुम्हारा बैकअप खुलता है?" सेठजींनी विचारलं.

"पिछली बार तो खुला था. आज का आज देखना पड़ेगा."

सेठजींच्या दुकानाची रोजची बिलं ट्रायल म्हणून आधीपासूनच आमच्याकडे चढत होती. ते म्हणाले, "तो मिटाओ. सबके सामने मिटाओ, फिर वापस लाओ."

मी लॅपटॉप उघडला. तेवढ्यात मागून कोणीतरी पंचांग पाहून ओरडलं, राहुकाल चालू आहे! झालं. सगळं थांबलं. डिलीट करायला मुहूर्त मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. तोवर चहा झाला, बालूशाही झाली, एक जण जाऊन नारळ घेऊन आला. राहुकाल संपला, नारळ फुटला आणि सेठजींनी स्वतः बटण दाबलं. दुकान गायब. स्क्रीनवर शून्य साड्या, शून्य गिऱ्हाईक.

मी रिस्टोअर लावलं, म्हणजे बॅकअपमधून डेटा परत भरणं. किती डेटा आला ते दाखवणारी स्क्रीनवरची पट्टी मुंगीच्या पावलानं सरकून राहिली होती. सर भिंतीकडे तोंड करून काहीतरी पुटपुटत होते. अर्ध्यात पट्टी अडकली. मग हलली. दुकान परत आलं, पण काल रात्रीपर्यंतचं. आज सकाळची बिलं गेली, हेही मी सांगून टाकलं.

"वो मुनीम फिर चढ़ा देगा," सेठजी म्हणाले आणि त्यांनी पेन मागितला.

सही झाली तसे सर फुशारले. "देखा सेठजी, हमारे यहाँ झूठ नहीं चलता!"

सेठजींनी बालूशाही तोडली. "तिवारी जी, अंग्रेज़ी हमें नहीं आती. पर आपका मुँह देखकर हम समझ गए थे कि कंपनी डूब गई. बस ये देख रहे थे कि दीदी क्या बोलती है."

सरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मी पाहिला नाही, मला तिथेच नोकरी करायची होती.

आता दर महिन्याला सगळ्यांसमोर डेटा पुसून परत आणायचा, अशी करारात अट आहे. मुहूर्त सेठजी काढतात. आणि कोणी चांगला पॉडकास्ट विचारला, तर मी अजून तोच सांगते. इंग्रजी कळत नसेल तरी बिघडत नाही. ज्याला कळतं, त्याच्या तोंडाकडे पाहत बसावं.