पाच मिनिटं पुढं

दर रविवारी अमरावतीच्या एका हॉटेलात चार शौकीन मनगटावरची घड्याळं टेबलावर मांडून चहा पीत. त्यांतले त्र्यंबकमास्तर आपलं स्विस घड्याळ, उशीर नको म्हणून, पाच मिनिटं पुढं ठेवत.

साठ साली मॅट्रिकच्या गणिताच्या पेपरावर देखरेख करताना ते हे साफ विसरले. परीक्षेला बसलेली मनकर्णा "एकच उदाहरण राहिलं, सर" म्हणत असताना त्यांनी तिचा पेपर ओढून घेतला. मग घंटा झाली. चूक कळली, पण सगळ्या वर्गादेखत पेपर परत द्यायला हात धजला नाही.

पुढं तिचे वडील जानराव हॉटेलात आले. "पोरगी दोन मार्कानं नापास झाली, मास्तर. लगन जमवून टाकलं. जावयाले घड्याळ द्या लागते. तुमाले पारख हाये, तुमीच निवडा."

मास्तरांनी दुकानात घड्याळ निवडलं, किल्ली दिली.

"टाइम तुमच्याच घड्याळात पाहून लावून द्या," जानराव म्हणाले.