घरात पाणी आले आहे

आमच्या गावात पाणी साचत नाही, त्यामुळे किस्से साचतात. माण तालुक्यातल्या एका हायस्कूलवर मी भूगोल शिकवतो, आणि भूगोलाच्या मास्तरला किस्से शोधत जावं लागत नाही. आपण वर्गात अख्खा खंड शिकवायचा, पोरं तो आपल्या वाडीत आणून बसवतात.

मी मूळचा सांगलीकडचा, कृष्णाकाठचा. आई तिकडे एकटीच असते. घर नदीपासून हाकेच्या अंतरावर, आणि ते सोडून इकडे यायला ती तयार नाही. म्हणून दर उन्हाळ्यात मी आमच्या संस्थेच्या तिकडच्या शाखेवर बदली मागतो. ती मिळत नाही. आता मागायचाही कंटाळा आलाय, पण पावसाळा जवळ आला की झोप लागत नाही, म्हणून मागतो.

*

आशिया खंड चालू होता. फळ्यावर हिमालय काढला. तो थंड वारे अडवतो, नद्यांना बारमाही पाणी देतो, सगळं सांगून झालं. चाचणीत प्रश्न टाकला, हिमालयाचा मानवी जीवनावर होणारा परिणाम लिहा.

एका मुलीनं एकच वाक्य लिहिलं होतं : 'हिमालयामुळे माझे पप्पा फक्त यात्रेला घरी येतात.'

वडील मिल्ट्रीत. आमच्याकडे दर दोन-चार घरांमागे एक जण तिकडे बर्फात उभा आहे. पुस्तकातलं उत्तर नव्हतं, तरी मी पूर्ण मार्क दिले.

*

पुढचा धडा पर्जन्यछायेचा. डोंगर ढग अडवतो, पाऊस पलीकडेच पडून जातो, अलीकडचा मुलूख कोरडा राहतो. आपलं माण त्यातच येतं, हेही सांगितलं. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर एक जण छाती काढून उठला आणि म्हणाला, पर्जन्यछायेत माणसं लय सुखी असतात. का रे बाबा?

"सर, सावली हाय म्हणल्यावर!"

चूक त्याची नव्हती. इथे झाडाखालची जागा जाऊ नये म्हणून म्हातारी माणसं सकाळपासून बसून असतात. असल्या मुलखाला छाया हा शब्द ज्यानं कुणी दिला, त्याला मे महिन्यात एकदा इथे आणून उभा केला पाहिजे.

*

तपासणीला साहेब आले. त्यांनी वर्गाला विचारलं, वाळवंटात लोक कसे राहतात? पोरं एकमेकांकडे बघायला लागली. साहेब माझ्याकडे बघायला लागले, मी खिडकीबाहेर बघायला लागलो. शेवटी मागच्या बाकावरची एक उठली.

"टँकर आला तर राहत्यात सर. न्हाई आला तर मुंबईला जात्यात."

साहेबांनी शेरा चांगला दिला. स्थानिक उदाहरणांतून शिकवतात म्हणे.

*

एकदा बदलीसाठी थेट संस्थेच्या सेक्रेटरींकडे गेलो. त्यांना नकाशाच समजावला. सह्याद्री एकच. तो ढग अडवतो म्हणून माण कोरडं, आणि अडवलेलं सगळं पाणी कृष्णेत उतरतं म्हणून माझं घर बुडतं. एका डोंगरानं माझी दोन्हीकडून गोची केलीय, तेव्हा निदान आईजवळ तरी राहू द्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"सर, तिकडं पाणी पोरांच्या दारातच येतंय. शिकवायची गरज माणला हाय."

चहा पाजला आणि पाठवून दिलं.

*

आमचे हेडसर माने इथलेच, या मातीतले. एका पावसाळ्यात तिकडे कृष्णा चढली. शेजाऱ्याचा फोन आला की आई माळ्यावर जाऊन बसलीय, बोटीत यायला तयार नाही. मी घाईघाईत रजेचा अर्ज खरडला : 'घरात पाणी आले आहे, तरी दोन दिवसांची रजा मिळावी.'

हेडसरांनी वाचला. उठून माझा हात हातात घेतला.

"अभिनंदन! पाइपलाइन झाली म्हणायची. येताना पेढे घिऊन या."

हसावं की रडावं कळेना. मी बरं म्हणालो आणि एसटी गाठली. परत आलो तोवर कुणीतरी त्यांना खरं सांगितलं होतं. दिवसभर ते माझी नजर चुकवत होते. शाळा सुटल्यावर जवळ आले आणि म्हणाले, आईला इकडंच घिऊन या, हितं कायबी बुडत न्हाई.

*

यंदा आईला आणलंच, भांडून आणलं. करमलं नाही तर परत नेऊन सोडायचं, या तिच्या अटीवर. पहिले काही दिवस ती दारात बसून आभाळ बघायची. "हितं ढग नुसतं बघून जात्यात व्हय रं?" एवढंच बोलायची. मग शेजारच्या काकूंशी तिचं जमलं. दोघी मिळून गवार निवडायला लागल्या. मला फार बरं वाटलं. वाटलं, राहते आता.

एका सकाळी मी शाळेला निघत होतो, तेवढ्यात गल्लीत ओरडा झाला, "पाणी आलं! पाणी आलं!" कितीतरी दिवसांनी नळाला पाणी सुटलं होतं. अख्खी गल्ली हंडे-घागरी घेऊन धावली. मीही दोन बादल्या घेऊन पळालो.

भरून घरात आलो, तर पिठाचा डबा कपाटावर. गाद्या-पांघरुणं टेबलावर. माझे बूट खुंटीला टांगलेले. देव्हाऱ्यात देव नाहीत आणि घरात आई नाही.

बाहेर आलो. काकूंनी वर बोट दाखवलं. आई गच्चीवर होती, देवांचं गाठोडं पोटाशी धरून कठड्याला टेकलेली. काकू खालून तिला हाका मारत होत्या, आवं आक्का, वर काय करताय, घागर घिऊन खाली या, पाणी आलंय.

आईनं कठड्यावरून खाली वाकून विचारलं,

"कुठवर आलंय?"