रविवारची वाट पाहणारी आत्या

सायकलींचं दुकान तिच्या थोरल्या भावाचं. तो विकायचा, ती दुरुस्त करायची, अशी चौतीस वर्षं गेली. भावाचा मुलगा रांगत रांगत दुकानात यायचा आणि "आत्या, आत्या" करत तिच्या पान्यांशी खेळायचा. ते ऐकून ऐकून गिऱ्हाइकांचीही ती आत्याच झाली. भाऊ गेला आणि दुकान त्या मुलाकडे आलं. तरी लोक दारातून विचारायचे ते एकच, "आत्या आहे का?"

भाचा मुळात वाईट नव्हता, पण उतावळा होता. नव्या डोंगरी सायकली खोक्यांतून यायच्या. त्यांचे ब्रेक तेलावर चालणारे. लिव्हर दाबला की बारीक नळीतलं तेल पुढे सरकतं आणि चाकावरच्या पोलादी चकतीला दोन पॅड दोन्ही बाजूंनी चिमटतात. खोक्यातली नळी लांबलचक असते. ती बेताने कापायची, मग तेल पुन्हा भरायचं आणि आतली हवा काढायची. आत्या एका सायकलीला पाऊण तास घ्यायची. भाचा कुरकुरायचा, "एवढ्या वेळात मी तीन सायकली विकतो."

एक दिवस एका शाळामास्तरांचा ब्रेक उतारावर लागलाच नाही. मास्तर खांद्यावर आपटले, हाड मोडलं. ती सायकल भाच्याने स्वतः जोडली होती, आत्याने तिला बोटही लावलं नव्हतं. पण मास्तरांची माणसं दुकानात येऊन भांडायला लागली, तेव्हा भाच्याने आवाज खाली आणला आणि दहा जणांसमोर अगदी कळवळून सांगितलं, "काय करू हो? आत्याचं वय झालं. हात थरथरतो तिचा. घरचं माणूस, बोलताही येत नाही."

आत्या तिथेच उभी होती. दहाही जणांनी तिच्या हाताकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "तो ब्रेक दाखव मला."

"फेकला," भाचा म्हणाला. "कशाला उगाळत बसायचं?"

तिने आपले पाने फडक्यात गुंडाळले आणि दुकान सोडलं.

तीन वर्षं झाली. एका लाँड्रीशेजारच्या गॅरेजचा अर्धा भाग तिने घेतला होता. भिंतीपलीकडून दिवसभर इस्त्रीची वाफ यायची आणि अलीकडे आत्या एकटीच काम करत बसायची. काम कमी यायचं. थरथरत्या हाताची बातमी तिच्याआधी सगळीकडे पोचली होती. चाक सरळ करताना, साखळी धुताना ती भाच्याचं ते वाक्य मनात घोळवायची, त्याच्याच आवाजात, त्याच्याच कळवळ्यासकट. त्याचं वाटोळं व्हावं असं तिला वाटत नव्हतं. ते फार लवकर आटोपलं असतं. त्याने दहा माणसांसमोर पुन्हा तोंड उघडावं आणि खरं बोलताना त्याची जीभ अडखळावी, ते तिला बघायचं होतं.

एका बुधवारी सकाळी एक नर्स नवीकोरी डोंगरी सायकल हाताने ढकलत आली.

"आत्या, अकरा दिवस झालेत घेऊन. पुढचा ब्रेक किंचाळतो. मागचा कधी हँडलला टेकतो, कधी धरला की सोडतच नाही."

सायकलीवर भाच्याच्या दुकानाचं स्टिकर होतं. आत्याने ते पाहिलं.

तिने लिव्हर दाबला. तो लोण्यात रुतावा तसा रुतला आणि परत यायला टाळाटाळ करायला लागला. तिने स्क्रू काढून सिरिंजने थोडं तेल ओढलं. या ब्रेकमध्ये खनिज तेल भरायचं असतं, लिव्हरवर बारीक अक्षरांत तसं लिहिलेलंही असतं. आत्याने दोन पेल्यांत पाणी घेतलं. एकात आपल्या बाटलीतलं खनिज तेल टाकलं, ते वर तरंगलं. दुसऱ्यात नर्सच्या ब्रेकमधलं टाकलं, ते पाण्यात विरघळून दिसेनासं झालं.

"गाडीचं ब्रेक ऑइल," आत्या म्हणाली. "मोटारीत ठीक आहे. इथलं रबर त्याने फुगतं. फुगलं की पिस्टन अडकतो, नाहीतर तेल गळतं. तुझ्या पॅडवर तेच गळलंय, म्हणून ते किंचाळतात."

आणि ती हसली. ते हसू पाहून नर्स नकळत एक पाऊल मागे सरकली.

मास्तरांचा ब्रेक का लागला नाही, ते आत्याला त्या क्षणी कळलं होतं.

काम तिने सावकाश केलं. दोन्ही लिव्हर, नळ्या, चकतीला चिमटणारे भाग, सगळं उतरवलं आणि नवं बसवलं, कारण तेल एकदा मुरलं की रबर धुऊन भागत नाही. चकत्या स्पिरिटने पुसल्या, पॅड नवे घातले. मग खालून सिरिंजने तेल चढवत, नळीला टिचक्या मारत एकेक बुडबुडा वर काढला. शेवटी लिव्हर दाबला तर दगडासारखा घट्ट. जुन्या ब्रेकमधली फुगलेली रबरी कडी तिने चिमट्याने उचलून काचेच्या बरणीत ठेवली, नव्या कडीशेजारी.

नर्स ते बघत होती. "अशा अजून किती विकल्या असतील त्याने?"

"असतील वीसेक."

"मग सांगायला हवं ना लोकांना?"

"सांगणार. रविवारी." त्या रविवारी दुकानाचा वाढदिवस होता. सगळी गिऱ्हाइकं सायकली घेऊन दारात जमायची आणि भाचा पायरीवर उभा राहून भाषण करायचा. "तोवर तू कुणाला काही बोलू नकोस. चार दिवसांचा प्रश्न आहे."

नर्सला ते पटलं नव्हतं, पण आत्याच्या चेहऱ्याकडे पाहून ती गप्प बसली. गुरुवारभर आत्या वाक्यं जुळवत होती. पेले कुठे ठेवायचे, बरणी कोणाच्या हातात द्यायची, भाचा काय म्हणेल, त्यावर आपण काय म्हणायचं. तीन वर्षांत पहिल्यांदा ती काम करताना गुणगुणत होती.

शुक्रवारी दुपारी नर्स धापा टाकत आली. अंगावर कामाचेच कपडे.

"कोपऱ्यावरचा बेकरीवाला पडला. उताराला. मनगट मोडलंय, पुढचे दोन दात गेलेत. मीच पट्टी बांधली त्याची." ती थांबली. "सायकल तसलीच, आत्या. त्याच दुकानातली."

आत्याने हातातलं फडकं टाकलं. तिने बरणी उचलली, तेलाची बाटली घेतली आणि म्हणाली, "चल."

दुकानात तीनच गिऱ्हाइकं होती. भाषण नाही, पायरी नाही. भाचा काउंटरमागे उभा होता.

"आत्या! ये ना, बस—"

"दोन पेले पाणी दे."

त्याने गोंधळून दिले. ती सरळ आतल्या कामाच्या टेबलापाशी गेली, तिथली तेलाची बाटली उचलून आणली आणि काउंटरवर तोच प्रयोग केला. तीनही गिऱ्हाइकं वाकून बघायला लागली.

"तेल ते तेल," भाचा पुटपुटला. "इतकी वर्षं काही झालं नाही..."

"मास्तरांना झालं. आज बेकरीवाल्याला झालं."

त्याचा चेहरा उतरला. पण त्याने बरणीतल्या कडीकडे पाहिलं, नर्सकडे पाहिलं, आणि एकदम विचारलं, "तुला कधी कळलं हे?"

"बुधवारी."

"आणि आज शुक्रवार. म्हणजे तू दोन दिवस बसून राहिलीस. कशासाठी? माझी रविवारी अब्रू काढायला?" त्याचा आवाज चढला. "मग तो जेवढा माझ्यामुळे पडला, तेवढाच तुझ्यामुळे!"

जुळवलेली सगळी वाक्यं आत्याने सोडून दिली.

"हो," ती म्हणाली. "त्याचं काय ते मी बघीन. तू आधी विक्रीची वही काढ आणि फोन उचल."

या ब्रेकच्या तेवीस सायकली निघाल्या. आत्या स्टूल ओढून समोर बसली आणि भाचा एकेकाला सांगत गेला की सायकल चालवू नका, हाताने ढकलत आणा. संध्याकाळपर्यंत दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. वही मिटून तो उठणार, तेवढ्यात ती म्हणाली, "एक राहिला. मास्तर. आणि फोन स्पीकरवर ठेव."

"आत्या, नको ना. सगळ्यांसमोर..."

"सगळ्यांसमोरच म्हणालास ना तेव्हा?"

मास्तरांनी फोन उचलला. भाच्याने दोनदा घसा खाकरला. "सर, तुमचा तो ब्रेक... मी भरला होता. चुकीचं तेल होतं. आत्याचा काही संबंध नव्हता."

मास्तर म्हणाले, "तीन वर्षं मी त्या बाईला रस्त्यात पाहून तोंड फिरवलं रे," आणि फोन ठेवला.

आत्याने ते शेवटच्या शब्दापर्यंत ऐकलं. तिला बरं वाटलं, खोटं कशाला सांगायचं. भाच्याचे कान लाल झाले होते, ते तिने नीट पाहून घेतलं. "परत ये ना दुकानात," तो दारापर्यंत येऊन म्हणाला. तिने मानेनेच नकार दिला आणि ती निघाली. रस्त्यात नर्सने विचारलं, "पुन्हा वेळ आली तर असंच कराल?"

"करीन. पण बुधवारीच."

सोमवारी ती बेकरीत गेली. बेकरीवाला एका हाताने काउंटर पुसत होता, दुसरा प्लास्टरमध्ये. गिऱ्हाईक जाईपर्यंत ती थांबली, मग तिने आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. "मला बुधवारीच कळलं होतं. तमाशा करायचा होता, म्हणून थांबले."

त्याने पुसणं थांबवलं. "शिवी द्यावीशी वाटतेय," तो दातांच्या फटीतून म्हणाला. "पण तुम्ही माझ्या आईच्या वयाच्या."

"दे."

त्याने दिली. चांगली लांबलचक, आत्याने आयुष्य दुकानात आणि गॅरेजात काढूनही न ऐकलेली.

"सायकल नीट करून देते," ती म्हणाली.

"नको. मी चालत जाईन."

मागे दोन गिऱ्हाइकं येऊन उभी राहिली होती. आत्या बाजूला झाली, त्यांना वाट दिली आणि बाहेर पडली.